टीचर ‘पार्शलिटी’ करतात, याला इंग्रजीत काय म्हणायचं?

मागच्या अंकात आम्ही सांगितलं होतं की या वेळी भेदभाव, पूर्वग्रह, जातपात या विषयांवरच्या इंग्रजी शब्दांबद्दल विचारा. मेलबॉक्स इतका भरला की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही. निम्म्या लोकांचा प्रश्न एकच होता, म्हणून सुरुवात त्यानेच करते.

प्रश्न : ताई, माझी मुलगी सातवीत आहे आणि रोज घरी येऊन सांगते की टीचर पार्शलिटी करतात. मला शाळेला इंग्रजीत मेल लिहायचाय. पार्शलिटी लिहू, बायस लिहू, प्रेज्युडिस लिहू की सरळ डिस्क्रिमिनेशन? नवरा म्हणतो डिस्क्रिमिनेशन लिही, म्हणजे घाबरतील. (एक आई, नाशिक)

नवऱ्याला जरा थांबायला सांगा. आधी नक्की काय घडलंय ते बघू, कारण हे चारही शब्द वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत आणि चुकीचा वापरला तर शाळा त्याच शब्दावर तुमच्याशी वाद घालत बसेल, मुलीचं राहील बाजूला.

प्रेज्युडिस मनात असतो. मूळ लॅटिन, आधीच देऊन टाकलेला निकाल, आपला ‘पूर्वग्रह’ अगदी तंतोतंत बसतो. ‘त्या वस्तीतली मुलं अभ्यास करतच नाहीत’ असं बाईंनी वर्गात पाय टाकायच्या आधीच ठरवलेलं असेल तर तो प्रेज्युडिस. बायस म्हणजे कल, झुकाव. तो माणसाला स्वतःला माहीत असेलच असं नाही. तोच पेपर, तेच उत्तर, पण एका मुलीला चारपैकी तीन आणि दुसरीला दोन, आणि बाईंना विचारलं तर त्या शपथेवर सांगतील की मी सगळ्यांना सारखंच तपासते, आणि त्या खोटं बोलत नसतील. डिस्क्रिमिनेशन म्हणजे प्रत्यक्ष कृती. गॅदरिंगच्या नाटकात घेतलं नाही, कायम मागच्या बाकावर बसवलं, पाणी प्यायला वेगळं पाठवलं, आणि ते ती अमुक जातीची, धर्माची किंवा मुलगी आहे म्हणून.

यातलं काहीच नसेल आणि बाईंच्या दोन-तीन लाडक्या मुली असतील, ज्यांना दर वेळी फळा पुसायला आणि सूत्रसंचालन करायला मिळतं, तर तो फेव्हरिटिझम. तुमच्या मुलीचा शब्द याच्या सगळ्यात जवळ आहे. पार्शलिटी म्हणजे कोणाच्या तरी बाजूने झुकणं, आणि तो चांगला इंग्रजी शब्द आहे, शाळकरी म्हणून हसू नका. फक्त ‘पार्शल’चा दुसरा अर्थ अर्धवट, अपुरा असाही होतो, ‘पार्शल पेमेंट’सारखा, तेवढं लक्षात ठेवा.

व्याकरणाचं म्हणाल तर ‘शी इज बायस’ चूक, ‘शी इज बायस्ड’ बरोबर. ही चूक आता इंग्लंड-अमेरिकेतले लोकही धडाधड करतात, तरी आपण करू नये. आणि डिस्क्रिमिनेटच्या पुढे ‘अगेन्स्ट’ हवंच. नुसतं डिस्क्रिमिनेट म्हणजे फरक ओळखणं, त्यात वाईट काहीच नाही. दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणाला ‘विवेचक’ असतो ना, बी वर्ग वजा चार ए सी, त्याचं इंग्रजी नाव डिस्क्रिमिनंट. मुळं दोन वेगळी आहेत, सारखी आहेत की वास्तव नाहीतच, हे तो ओळखून देतो. ‘डिस्क्रिमिनेटिंग रीडर’ म्हणजे चोखंदळ वाचक, ते कौतुक आहे.

प्रश्न : भाडेकरूशी वाद चालू आहे. त्याच्या वकिलाच्या पत्रावर वर ठळक अक्षरात ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहिलंय. म्हणजे आमच्याबद्दल त्यांच्या मनात पूर्वग्रह नाही असं ते सांगतायत का? मग आतली भाषा इतकी खडूस कशी? (ज्येष्ठ नागरिक, मिरज)

नाही हो काका, तसं प्रेमाने काही सांगत नाहीयेत. कायद्यात प्रेज्युडिसचा जुना अर्थ टिकून राहिलाय, हक्काला पोचणारी बाधा. तडजोडीच्या पत्रावर हे लिहिलं की अर्थ असा होतो की आम्ही वाद मिटवायला काही बोलतोय, देऊ करतोय, पण उद्या मिटलं नाही आणि कोर्टात गेलो तर हे पत्र आमची कबुली म्हणून दाखवायचं नाही, आमचे हक्क शाबूत आहेत. मराठी नोटिशीत ‘हक्कास बाध न येता’ असं येतं तेच हे. पुष्कळ वकील सवयीने प्रत्येक पत्रावर टाकतात, गरज असो वा नसो. तुमचं उत्तरही वकिलाकडूनच जाऊ द्या.

प्रश्न : शिवणक्लासमध्ये ‘बायस कट’ म्हणतात, तो बायस आणि हा बायस एकच का? (डोंबिवली)

एकच. तिरकस हा मूळ अर्थ. उरेब पट्टी कापता ना, आडव्याउभ्या धाग्याला तिरकी, तीच बायस. इंग्लंडात हिरवळीवर खेळायचा बोल्स नावाचा खेळ आहे, त्यातला चेंडू मुद्दाम एका बाजूला झुकता बनवतात, सरळ टाकला तरी वळतोच. त्या झुकावालाही बायस म्हणतात, आणि तिथून शब्द माणसांना लागला.

प्रश्न : वधुवर सूचक मंडळाच्या साइटवर मुलाची जाहिरात बघितली. वर ‘कास्ट नो बार’ आणि शेवटच्या ओळीत ‘एससी एसटी क्षमस्व’. हे वाचून मला काही सुचेचना. माझी अमेरिकन मैत्रीण विचारत होती याला काय म्हणायचं, प्रेफरन्स म्हणू का? (बीडची, सध्या पुण्यात)

प्रेफरन्स म्हणू नका. प्रेफरन्स म्हणजे मला चहापेक्षा कॉफी बरी वाटते. कोट्यवधी माणसांना न भेटता एका ओळीत काढून टाकलं, त्याला इंग्रजीत प्रेज्युडिस म्हणतात, आणि जातीवरून असल्यामुळे ‘कास्टिस्ट’ हे विशेषण लागेल. कायदा इथे काही करू शकत नाही हे खरंय, लग्न कोणाशी करायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यामुळे डिस्क्रिमिनेशन हा शब्द कायद्याच्या अर्थाने इथे ओढूनताणून लावावा लागेल. पण कायदा हात लावत नाही म्हणून गोष्टीचं नाव बदलत नाही ना.

मला त्या जाहिरातीतला सगळ्यात इंटरेस्टिंग शब्द ‘क्षमस्व’ वाटतो. दिलगिरी दाखवायची आणि दार पण लावायचं. आणि वरचं ‘नो बार’ लिहिणाऱ्याला ते मनापासून खरं वाटत असतं, आपण तीन-चार पोटजाती ओलांडायला तयार झालो म्हणजे केवढे मॉडर्न, असा तो हिशोब.

मैत्रिणीला हेही सांगा की कास्ट हा शब्दच इकडून तिकडे गेलाय. पोर्तुगीज लोक गोव्यात आणि किनाऱ्यावर आले, इथले जातसमूह बघून त्यांनी आपला ‘कास्ता’ हा शब्द वापरला, वाण, कूळ, बीज अशा अर्थाचा, आणि तो पुढे इंग्रजीत गेला. तिकडच्या लोकांना पटकन कळावं म्हणून आपण ‘हा आमच्याकडचा रेसिझमच’ असं सांगून मोकळे होतो. तुलना समजू शकते, पण दोन्ही एकच नाहीत. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या सेमिनारमध्ये बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला, तेव्हापासून ते सांगत आले की जात म्हणजे वंश नव्हे. रेसिझम करणाऱ्याला समोरचा माणूस बघून काम भागवता येतं. जातीला चेहऱ्यावरून काही कळत नाही, म्हणून तर ‘आडनाव काय? गाव कुठलं? आणि आईचं माहेर?’ अशी पायरीपायरीने चौकशी चालते, अमेरिकेतल्या ऑफिसच्या पँट्रीतसुद्धा. सिएटल शहराने २०२३च्या फेब्रुवारीत आपल्या भेदभावविरोधी कायद्यात ‘कास्ट’ हा शब्द वेगळा घातला, अमेरिकेत असं करणारं ते पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नरनी ऑक्टोबरमध्ये व्हेटो केला, म्हणाले की आहे त्या कायद्यातच हे येतं.

प्रश्न : आमच्या गावात कोणी केस केली की लोक म्हणतात ‘त्याने माझ्यावर ॲट्रॉसिटी केली’. इंग्रजी पेपरमध्ये मात्र ॲट्रॉसिटी म्हणजे युद्धातले अत्याचार वगैरे वाचलं. आमचं इंग्रजी चुकतंय का? (कॉलेज विद्यार्थी, जालना)

छान पकडलंत, आणि हे नुसतं इंग्रजी चुकण्यापुरतं नाहीये.

ॲट्रॉसिटी म्हणजे क्रूर कृत्य, अत्याचार. आपल्याकडे तो शब्द आला अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्यावरून, १९८९चा. इतकं लांबलचक नाव कोण घेणार, म्हणून ‘ॲट्रॉसिटी ॲक्ट’, मग नुसतं ‘ॲट्रॉसिटी’, आणि मग कायद्याखाली गुन्हा दाखल होण्यालाच ॲट्रॉसिटी म्हणायला लागलो. तिच्यातला ‘प्रतिबंध’ कुठेतरी गळून पडला. आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. ‘माझ्यावर ॲट्रॉसिटी केली’ हे वाक्य इंग्रजी येणाऱ्या परक्या माणसाला जसंच्या तसं सांगितलं तर त्याला वाटेल की बिचाऱ्या बोलणाऱ्यावरच अत्याचार झाला. ज्याच्यावर आरोप आहे तो पीडित झाला आणि ज्याने तक्रार दिली तो अत्याचारी. एखादी केस खरी की खोटी हे कोर्ट ठरवेल, पण बोलण्यात निकाल आधीच लागून गेलाय, आणि तो तक्रारदाराच्या विरोधात.

इंग्रजीत लिहिताना ‘अ केस अंडर द ॲट्रॉसिटीज ॲक्ट’ असं पूर्ण लिहा. मराठीत ‘अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा’ म्हणायला जीभ दमते हे मान्य, पण बातमीदारांनी तरी दमून चालणार नाही.

प्रश्न : मुलगी मँचेस्टरला शिकायला गेली. तिने लिहिलं की बिल्डिंगमध्ये ‘कम्युनल गार्डन’ आणि ‘कम्युनल किचन’ आहे. मी रात्रभर झोपलो नाही. (वडील, सोलापूर)

झोपा शांत. तिकडे कम्युनल म्हणजे सामायिक, सगळ्यांनी मिळून वापरायचं. जातीय-धार्मिक तेढ हा अर्थ आपल्या उपखंडातला. १९३२च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी ‘कम्युनल अवॉर्ड’ जाहीर केला, ज्यावरून पुढे सप्टेंबरात येरवड्याला पुणे करार झाला, त्यातला कम्युनल म्हणजे समाजासमाजाप्रमाणे विभागलेला. मराठी पेपरांनी त्याला ‘जातीय निवाडा’ म्हटलं. दंगलींच्या बातम्यांनी शब्दाचा उरलासुरला भलेपणा घालवला. मुलीला एवढंच सांगा की तिने तिकडे ‘देअर इज कम्युनल टेन्शन’ लिहिलं तर लोकांना वाटेल किचनमधल्या भांड्यांवरून भांडण झालंय.

प्रश्न : मी टेस्टिंगमध्ये आहे. सगळे ‘एआय बायस’ म्हणतात, पण मशीनला कसला आलाय पूर्वग्रह? (हिंजवडी)

म्हणूनच तर ‘एआय प्रेज्युडिस’ कोणी म्हणत नाही. प्रेज्युडिसला मन लागतं, बायसला लागत नाही. २०१८ साली संशोधक जॉय बुओलाम्विनी यांनी सहकाऱ्याबरोबर तीन कंपन्यांची चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्या आत आणि गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत सगळ्यात वाईट सॉफ्टवेअरची चूक ३४ टक्क्यांच्या वर. अशी सॉफ्टवेअर शिकतात ती दिलेल्या फोटोंवर, आणि फोटो जर जास्त करून गोऱ्या चेहऱ्यांचे असतील तर दुसरं काय होणार. हा झाला बायस. उद्या त्याच सॉफ्टवेअरवर विसंबून कोणाला ऑफिसच्या गेटवर अडवलं की डिस्क्रिमिनेशन सुरू, आणि तिथे ‘मशीन म्हणालं’ हे उत्तर चालू नये असं माझं मत.

प्रश्न : फ्लॅट बघायला गेलो, ब्रोकर म्हणाला ‘ओन्ली व्हेज फॅमिली’. नियम सगळ्यांना सारखाच आहे म्हणे, मग भेदभाव कसा? (भाडेकरू, ठाणे)

याला इंग्रजीत ‘इनडायरेक्ट डिस्क्रिमिनेशन’ नावाचा शब्द आहे, नियम दिसायला सगळ्यांना सारखा पण लागतो ठरावीक लोकांनाच. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या केसमध्ये तो नीट उलगडून सांगितला. कायमस्वरूपी कमिशनसाठी, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीसाठी, मेडिकल फिटनेसची अट पुरुष आणि स्त्रिया दोघांना तीच होती, पण पुरुषांची तपासणी तरुणपणी, नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत झालेली आणि या बायकांना तो हक्कच उशिरा मिळालेला, म्हणून त्यांना तीच अट चाळिशी-पन्नाशीत लावली गेली. कागदावर समान, प्रत्यक्षात नाही.

ब्रोकरचं प्रकरण मात्र पुष्कळदा इनडायरेक्टसुद्धा नसतं. अंडं न खाणारा माणूस आडनाव सांगतो आणि अचानक फ्लॅट ‘कालच गेला’ असतो. तिथे व्हेज हे निमित्त, इंग्रजीत ‘प्रीटेक्स्ट’. आता वाईट बातमी, संविधानाचं कलम १५ मुख्यतः सरकारला बांधतं, शिवाय दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते अशा सार्वजनिक जागांना. खाजगी सोसायटीचं तसं सोपं नाही, २००५ साली गुजरातमधल्या पारशी सोसायटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सभासद फक्त पारशीच घेण्याचा पोटनियम चालू दिला होता. म्हणून शब्द बरोबर असला तरी इलाज हाताशी असेलच असं नाही.

प्रश्न : ‘अपार्थिड’चा उच्चार काय? आणि गांधीजींना अपार्थिडमुळेच ट्रेनमधून उतरवलं ना? (एमपीएससीची तयारी, लातूर)

त्यात ‘थ’ नाही. ‘अपार्ट’ला पुढे ‘हेइड’ जोडलेला आफ्रिकान्स भाषेतला शब्द, अर्थ वेगळेपण. ‘अपार्ट-हेट’ किंवा ‘अपार्ट-हाइट’, दोन्ही चालतात. आणि उत्तर नाही असं आहे. गांधीजींना पीटरमॅरित्झबर्गला उतरवलं जून १८९३ मध्ये, अपार्टहेट हे सरकारी धोरण झालं १९४८ साली नॅशनल पार्टी निवडून आल्यावर, आणि १९९४च्या निवडणुकीने संपलं. १८९३ साठी ‘रेशिअल डिस्क्रिमिनेशन’ लिहा. अमेरिकेतल्या वेगळ्या शाळा-वेगळ्या बसगाड्यांसाठी ‘सेग्रिगेशन’, ज्याच्या पोटात कळप अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे, कळपातून वेगळं काढणं. हल्ली आपल्या सोसायटीच्या नोटिशीत तो ओल्या-सुक्या कचऱ्यासाठी येतो, तो वापर निर्दोष आहे.

प्रश्न : ऑफिसात सहज सांगितलं ‘आय गॉट माय इंजिनिअरिंग सीट थ्रू रिझर्व्हेशन’, तर समोरच्याला काही कळेचना. (न्यू जर्सी)

त्याच्या डोक्यात एकतर रेस्टॉरंटचं टेबल आलं असेल नाहीतर तिथल्या मूळ रहिवाशांच्या राखीव जमिनी. तिकडचा शब्द ‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’, केनेडींच्या १९६१च्या आदेशाने गाजलेला. पण दोन्ही एक नव्हेत. आपल्याकडे ठरलेल्या जागा असतात, शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला कोल्हापुरात निम्म्या जागा राखल्या तेव्हापासूनचा हा आपला मार्ग. अमेरिकेत प्रवेशात ठरावीक कोटा ठेवायला तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच मनाई केली, फक्त वंश हा अनेकांतला एक मुद्दा म्हणून धरायला परवानगी होती, तीही कॉलेज प्रवेशांपुरती २०२३ मध्ये जवळपास संपली. ब्रिटिश ‘पॉझिटिव्ह डिस्क्रिमिनेशन’ म्हणतात. ‘रिव्हर्स डिस्क्रिमिनेशन’ हा मात्र विरोधकांचा शब्द आहे, तो वापरलात की तुम्ही बाजू घेतलीत, मग बातमी लिहिताना ‘मी तर न्यूट्रल’ म्हणू नका.

प्रश्न : बिगट म्हणजे नक्की काय? (नांदेड)

आपल्याच मताला घट्ट धरून बसलेला आणि दुसऱ्या धर्माच्या, जातीच्या, वंशाच्या माणसाला सहन न करणारा. नाम आहे, विशेषण ‘बिगटेड’. शिवी म्हणून जपून वापरा.

प्रश्न : मॅनेजर टीममधल्या मुलींबद्दल काय काय बोलायचा, मी एचआरकडे तक्रार केली. त्यानंतर मला सलग नाइट शिफ्ट आणि अप्रेझलमध्ये खालचं रेटिंग. मेलमध्ये ‘हरॅसमेंट’ लिहू की ‘डिस्क्रिमिनेशन’? (पुणे, नाव नको)

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्यात, त्या वेगळ्या ठेवा. आधीचं बोलणं हरॅसमेंट. तक्रार केल्यावर जे सुरू झालं त्याला ‘व्हिक्टिमायझेशन’ म्हणतात, हिने तोंड उघडलं म्हणून हिला त्रास. लोक हा शब्द ‘बळी पडणं’ एवढ्याच अर्थाने वापरतात, पण ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्यात त्याला हा नेमका अर्थ आहे. आपल्या कामगार चळवळीलाही तो जुनाच ओळखीचा, महाराष्ट्राच्या १९७१च्या कामगार संघटना आणि अनुचित प्रथांच्या कायद्यात मालकाने कामगाराला कामावरून काढण्याच्या अनुचित कारणांत पहिलं हेच आहे. अमेरिकन कंपनी असेल तर त्यांच्या पॉलिसीत ‘रिटॅलिएशन’ शोधा, अर्थ तोच.

मेल छोटा लिहा. तक्रार कोणत्या तारखेला केली, शिफ्ट कोणत्या तारखेला बदलली, आधीचं रेटिंग काय होतं, आताचं काय, टीममधल्या आणखी कोणाची शिफ्ट बदलली का. ‘टॉक्सिक’, ‘टॉर्चर’ असले शब्द नकोत, ते वाचून एचआरवाले ‘इमोशनल आहे’ म्हणून बाजूला ठेवतात. तारखा लिहून झाल्या की शेवटी एकदाच व्हिक्टिमायझेशन किंवा रिटॅलिएशन लिहा. पहिली तक्रार लैंगिक स्वरूपाच्या बोलण्याची असेल तर हा मेल नुसता एचआरला नको, २०१३च्या कायद्याप्रमाणे कंपनीत अंतर्गत समिती असायलाच हवी, तिलाही पाठवा, आणि सब्जेक्ट लाइनमध्ये ‘रिक्वेस्ट’ लिहू नका, ‘कम्प्लेंट’ लिहा.